पोटभाडेकरू

४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ. पत्र रागात लिहिते आहे, तेव्हा आशीर्वाद तेवढे शांतपणे घे.

फोन का केला नाही म्हणशील. तुझ्याशी फोनवर नीट भांडता येत नाही. माझं मुद्द्याचं वाक्य आलं की नेमकं तुझं नेटवर्क जातं. कागद बिचारा सगळं ऐकून घेतो.

टोमॅटोची रोपं पुन्हा गेली. सकाळी रोपवाटिकेत गेले तर निम्म्याहून जास्त ट्रेमधली रोपं मान टाकून आडवी. देठ मातीलगत काळा आणि बारीक, चिमटीत धरला तर ओला लागतो. मर रोग, दुसरं काय! मागच्या पेरणीला हेच, या पेरणीलाही हेच. माझी रोपवाटिका कशी असते ते तू पाहिलेलं आहेस. चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल नाही. ट्रे मी स्वतः ब्लीचच्या पाण्यात घासते, माती वाफवते, बी गरम पाण्यातून काढल्याशिवाय पेरत नाही. जमिनीवर ताट ठेवून जेवावं अशी जागा आहे ती.

आणि कुंपणापलीकडे आपली मधली! गळक्या बादल्या, गंजलेले डबे, पोटरीपर्यंत गवत. वाफ्यात मांजर झोपतं. तिची रोपं मात्र उभी. नुसती उभी असती तरी चाललं असतं गं, माझ्याकडे बघून हसतात मेली. एकच हवा, एकच पाणी, मध्ये फक्त तारेचं कुंपण, मग रोगाला माझंच घर कसं सापडतं?

परवा काचघरवाला आला होता. त्याच्या काचघरांना इतकी वर्षं रोपं मीच पुरवते, आणि बाकीची गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघूनच माझ्याकडे येतात. त्यानं माझे ट्रे पाहिले. मग कुंपणापाशी जाऊन पलीकडे बघत उभा राहिला. निघताना म्हणाला, आणखी थोडं थांबून बघतो, पण रोपं अशीच गेली तर बाई, राग मानू नका, मी शेजारी विचारीन. शेजारी म्हणजे मधलीकडे! जिला ट्रे धुवायचा असतो हेसुद्धा माहीत नाही, तिच्याकडे! हा माणूस गेला तर माझी रोपवाटिका बंद झाली म्हणून समज.

माझ्या पोटात दुखतंय असं म्हणशील. दुखतंयच. मी नाही कुठे म्हणते? आईनंसुद्धा शेवटची वर्षं तिच्याच घरी काढली. जिनं मला कोपरापर्यंत हात धुवायला शिकवलं, ती त्या पसाऱ्यात सुखानं राहिली, आणि माझ्याकडे म्हणे तिला पाहुण्यासारखं अवघडायला व्हायचं. आई गेल्यापासून मधलीशी माझं बोलणं मांजर हाकलण्यापुरतंच उरलंय.

तू एवढी प्रयोगशाळेत बसतेस, झाडांच्या रोगांवर शिकलीस. काहीतरी औषध पाठव. जालीम असलं तर बरं.

कळावे. लोभ कर, आणि या वेळी जरा पक्षपातानं कर.
तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आशीर्वाद पोचले. पाकीट उघडताना हात भाजला.

ताई, जालीम औषध माझ्याकडे नाही, आणि असतं तरी तुझ्या हातात दिलं नसतं. तू चमचाभर सांगितलेलं वाटीभर घालतेस. पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मी आमच्या बाईंना वाचून दाखवली, आणि त्या खुर्चीतून उठल्याच. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या सहसा उठत नाहीत.

गोष्ट अशी की झाडाच्या आतही जिवाणू राहतात, अगदी मुळांच्या आणि देठाच्या पोटात. सगळेच काही रोग करत नाहीत. काही तिथे गुपचूप राहतात, झाडाचंच थोडं खातात आणि त्या बदल्यात बुरशीला आत शिरू देत नाहीत. बाईंनी त्यांना लांबलचक शास्त्रीय नाव दिलंय, मी आपली पोटभाडेकरू म्हणते. झाडाच्या पोटात राहायचं आणि भाडं म्हणून घराची राखण करायची. असे भले भाडेकरू शोधून ते दुसऱ्या रोपांत वसवायचे, हेच आमचं सध्याचं काम.

ते शोधायचे कुठे, तर जिथे आजूबाजूची सगळी रोपं मरतात तिथे जे रोप जगतं त्याच्यात. आता ओरडू नकोस, पाणी पी आणि मग वाच. मला मधलीचं रोप हवंय. मुळासकट, मातीसकट, न धुता. तुला मागायला जड जाईल म्हणून मी तिलाही पत्र टाकलंय.

भावोजींना नमस्कार. मांजराला दगड मारू नकोस, त्याचा यात काही हात नाही.

लोभ आहेच, तो रागावून कमी होऊ देऊ नये.
तुझी बारकी


१९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

वा गं वा! औषध मागितलं मी, पत्र गेलं मधलीला! रोगी इकडे आणि डॉक्टर शेजारच्या घरी चहाला. तिला दोन कागद लिहिलेस ना? मला कसं कळलं विचारशील. पायरीवर बसून वाचत होती, पान उलटून पुन्हा दुसरं पान उलटलं. माझं पत्र दीड पानाचं होतं.

तिनं रोप पाठवलंय तुला. कशात, तर जुन्या बुटाच्या खोक्यात! वर दोरी बांधली तीही गाठीगाठीची. कुंपणावरून मला दाखवून म्हणाली की बारकीनं मागवलंय. जसं काही राजवाड्यातून बोलावणं आलंय. तिच्या रोपानं काही केलं नाही, जगलं फक्त, तर त्याचा केवढा मान! आणि मी जी रात्रंदिवस घासते, पुसते, वाफवते, त्याचं काय? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

म्हणून मीही एक रोप पाठवते आहे. माझ्या ट्रेमधलं, अजून उभं असलेलं, सगळ्यात देखणं. मुळं स्वच्छ धुतली आहेत, ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलंय. दोन्ही रोपं शेजारी ठेव आणि तुझ्या त्या बाईंनाच विचार की घरंदाज कोणतं दिसतं.

तुझे भावोजी म्हणतात की मी रोपांची सौंदर्यस्पर्धा लावली आहे. त्यांना काय कळतंय.

तुझ्या लोभाची वाटणी कशी झाली आहे ते कळवावे.
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन्ही रोपं पोचली. देखणं तुझंच. बाईंनीही मान्य केलं, तेव्हा पहिला नंबर तुझा, आता पुढचं शांतपणे ऐक.

रोपाच्या आत कोण राहतं ते बघायचं तर बाहेरचं सगळं आधी घालवावं लागतं. म्हणून आम्ही देठाचा तुकडा स्पिरिटनं आणि ब्लीचनं असा धुतो की तूही नावं ठेवणार नाहीस. मग तो कापून आतला गाभा काचेच्या बशीत जेलीवर ठेवायचा आणि वाट बघायची. आत कुणी असेल तर ते जेलीवर पसरतं.

मधलीच्या रोपातून फिकट पिवळा थर आला. त्याच बशीत एका कडेला मी मर रोगाची बुरशी ठेवली. बुरशी फोफावत फोफावत आली आणि त्या पिवळ्या थरापासून बोटभर अंतरावर थांबली. कुणी दारात आडवा हात धरावा तशी. ताई, मी इतकी वर्षं असल्या बशा बघते आहे, पण इतकी स्वच्छ थांबलेली बुरशी मी पाहिली नव्हती. मी बाईंना हाक मारली ती जवळजवळ किंचाळूनच.

तुझ्या रोपातून काहीच आलं नाही. बशी कोरीच्या कोरी. तुझ्या रोपाच्या पोटात कुणी राहतच नाही गं. घर रंगवलेलं, झाडलेलं, आणि रिकामं. मग बुरशी आली तर तिला अडवणार कोण?

आता कामाचं. त्या पिवळ्या मंडळींना वाढवून एका बाटलीत भरून पाठवते आहे. बाटलीवर म-७ लिहिलंय, तीच. त्यात बी तासभर भिजव, सावलीत कोरडं कर आणि पेर. हे औषध नव्हे, पडलेलं रोप यानं उठणार नाही. पण बी रुजतानाच ते आत शिरले तर रोप बहुतेक तरेल. बहुतेकच म्हणते, कारण बशीतली बुरशी शहाणी असते, मातीतली तितकी नसते. एवढी एकच बाटली आहे आणि ती फक्त तुला. मधलीला पाठवली नाही. आता तरी खूश?

लोभ वाढला तर उत्तम, बाटलीसारखा हलवून वापरावा.
तुझी बारकी


८ एप्रिल

बारके,
आशीर्वाद आहेत. आज अनेकही नाहीत आणि उत्तमही नाहीत.

रोपं गेली. तुझ्या बाटलीची, सगळी. चार पानांवर आली आणि एकामागून एक आडवी झाली. मी ट्रेपाशी बसून रडले, हे भावोजींना सांगू नकोस, त्यांना वाटतंय मला सर्दी झाली आहे.

आता खरं सांग. बाटलीवर म का लिहिलं होतंस? म म्हणजे मधली ना? इतकी वर्षं हात झिजवले मी, आणि काचेच्या बाटलीवर नाव तिचं! त्यातही तिच्या रोपातला चांगला माल तुम्ही ठेवून घेतलात आणि खालचा गाळ मला पाठवलात. वासावरूनच कळलं. बूच काढलं तर नाक धरावं लागलं.

मी कुठे चुकले नाही. तू सांगितलंस तस्सं केलं. बी तासभर भिजवलं, सावलीत सुकवलं. पण असलं घाण वासाचं बी तसंच पेरायला माझा हात धजेना, म्हणून पेरण्याआधी नेहमीसारखं एकदा गरम पाण्यातून काढून घेतलं, एवढंच. बाकी सगळं तुझ्या शब्दाबरहुकूम.

काचघरवाला काल येऊन गेला. आता एकच पेरणी बघणार, शेवटची, असं स्पष्ट बोलला. त्याच्या बुटांना पलीकडची माती लागलेली होती. म्हणजे आधी तिच्याकडे जाऊन आला होता. मधली दारात उभी राहून मला हात करत होती. मी बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण तिला कळू दिलं नाही.

मला तिच्यासारखं व्हायचं नाही. पण तिच्या रोपांसारखी माझी रोपं का होत नाहीत, हा विचार मला झोपू देत नाही. इतकी वाईट झाले आहे मी. जाता-येता तिच्या वाफ्यात एखादं तरी रोप पडलंय का ते बघते.

लोभ असला तर असू दे, नसला तर त्या म-ला दे.
ताई


१३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं ताई! गरम पाणी! मी पत्र वाचून आधी हसले, मग टेबलावर डोकं टेकून बसले. तू पाहुण्यांना आग्रहानं बोलावलंस आणि ते उंबरठ्यात आल्याबरोबर त्यांच्यावर कढत पाणी ओतलंस. बाटलीत गाळ नव्हता. त्यात जे जिवंत होते ते सगळे तू धुऊन टाकलेस.

बाईंना सांगितलं. त्या चष्मा काढून हसल्या आणि मग मलाच बोलल्या. म्हणाल्या, सूचनांमध्ये धुऊ नये असं कुठे लिहिलंयस? खरंच लिहिलं नव्हतं. जगात दुसऱ्या कुणाला ते लिहावं लागलं नसतं. पण मी तुझी बहीण. जी साबणाची वडीसुद्धा वापरण्याआधी धुते तिची बहीण. मला सुचायला हवं होतं.

तुझी पद्धत मुळात वाईट नाही. बाहेरून आणलेल्या बियाला रोग चिकटून आला असेल तर गरम पाणी चांगलंच. पण त्यात चोरासोबत राखणदारही जातो, आणि मोकळ्या घरात पुढचा चोर सुखानं शिरतो. तुझ्याकडे वर्षानुवर्षं हेच होतंय.

आणि म म्हणजे मधली नव्हे गं बाई, म म्हणजे मर. मर रोगात जगलेल्या रोपांतलं सातवं, म्हणून म-७. पोटदुखीनं अक्षरंसुद्धा उलटी दिसायला लागली तुला.

दुसरी बाटली लगेच देता येणार नाही, वाढवलेलं सगळं चाचणीच्या शेतावर गेलंय. पण तुला बाटलीची गरजच नाही. हे भाडेकरू झाडातून बियात उतरतात आणि बियातून पुढच्या झाडात. मधलीचं बी घेतलंस की ते आलेच. कुंपणापर्यंत जायचं आणि मूठभर बी मागायचं, एवढंच काम आहे. तुला ते डोंगर चढण्यासारखं वाटेल, ठाऊक आहे. तरी जा. तू येशील म्हणून तिला कळवून ठेवलंय.

लोभ दोघींवर सारखाच आहे, मी तराजू लावून बघितला.
तुझी बारकी


१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

आता कुंपणाएवढ्या अंतरावर पत्र लिहायचं म्हणजे गंमतच. पण बोलायला गेलं की आपण मांजरावरच घसरतो.

काल तू कुंपणाशी आलीस. माझ्या गवताला नावं ठेवलीस, बादली गळते म्हणालीस, आणि गेलीस. बारकीचं पत्र आलं होतं, त्यामुळे मला कळलं की तू बी मागायला आली होतीस. तुझं मागणं लहानपणापासून असंच असतं.

बी तारेला अडकवून ठेवलंय. पिशवी बघ, ओळखतेस का. तुझ्या निळ्या फ्रॉकचा खिसा आहे. मी हे घर केलं तेव्हा तूच शिवून दिला होतास, तुझ्या पहिल्यावहिल्या टोमॅटोचं बी भरून. वर दहादा बजावलंस की धुऊन पेर, धुऊन पेर. मी हो हो म्हटलं. कोण धुतंय! तेव्हापासून त्याच झाडांचं बी धरते, त्याच खिशात ठेवते. बाजारातून कधी बी आणलंच नाही. आळस, दुसरं काय.

म्हणजे बारकी ज्यांच्यावर एवढी फिदा झाली आहे, ते भाडेकरू मुळात तुझेच. तू घालवलेस, माझ्याकडे राहिले. माझ्या घरातून कुणाला घालवायचं म्हणजे उठावं लागतं.

आईचंही तसंच. ती माझ्याकडे राहिली म्हणून तू अजून धुमसतेस. पण बयो, ती माझ्या खुर्चीत बसून दिवसभर तुझंच कौतुक करायची. ताईचं घर बघ, ताईची भांडी बघ, ताईच्या ट्रेकडे बघून शीक. तिचं अंथरूण मी काढत होते, तिचे पाय मी चेपत होते, आणि ऐकत होते ताई, ताई, ताई. कधीकधी असं वाटायचं की तुझ्या त्या चकचकीत ट्रेंमध्ये चिखल नेऊन ओतावा. तेव्हा पोटदुखी तुझ्या एकटीच्या मालकीची आहे असं समजू नकोस. घरातच आहे ती, वाटून घेऊ.

बी धुऊ नकोस. आईची शपथ घालते.

लोभ असेल तर मांजराला दूध घालत जा.
मधली


२२ मे

चि. बारकीस,
अ. उ. आ. या वेळी खरोखर अनेक.

मधलीचं पत्र मी कुंपणाशी उभ्यानं वाचलं आणि तो खिसा हातात धरून तशीच उभी राहिले. माझाच टाका आहे त्यावर, तेव्हा नीट जमत नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आई दिवसभर माझं नाव घ्यायची, हे मला कुणी सांगितलं का नाही गं? तू तरी सांगायचंस. आईनं माझ्याकडे कधी भांड्यांचं कौतुक केलं नाही, उलट पेला उजेडात धरून बघायची. मी खूप रडले. भावोजींनी सर्दीचं औषध आणून दिलं, तेही घेतलं.

बी धुतलं नाही. शपथ होती म्हणून, नाहीतर माझा भरवसा नव्हता. पेरायच्या दिवशी मी हात मागे बांधून उभी राहिले आणि पेरणी भावोजींनी केली. पातेलं मधली आदल्या दिवशीच मागून घेऊन गेली होती, मला पाणी तापवायची बुद्धी होऊ नये म्हणून. ट्रे मात्र मी घासले. ट्रे घासू नकोस असं तू कुठे लिहिलेलं नव्हतंस.

रोपं उभी आहेत, बारके. दाराकडच्या दोन ट्रेंत थोडी पडली, तेव्हा जादू वगैरे म्हणणार नाही. पण बाकीची चार पानांवर आली, सहावर आली, आणि उभीच. मी दर सकाळी डोळे मिटून आत जायची आणि हळूच उघडायची. आता त्यांच्या पोटात कुणीतरी राहतंय हे मनात येतं आणि बरं वाटतं. घासताना आवाज कमी करते.

काल काचघरवाला आला. मधलीही आली, चपलांसकट आत! मी बघत राहिले, पण बोलले नाही, याची नोंद तू घ्यावीस. त्यानं रोप उपटून देठ पाहिला, मुळं पाहिली, आणि म्हणाला की रोपं इथूनच नेईन, नेहमीसारखी. मग एकदम विचारलं, बाई, हे बी कुणाचं?

मी सगळं ठरवून ठेवलं होतं. आदल्या दिवसापासून घोकत होते. मान ताठ ठेवून, मोठ्या मनानं सांगायचं की हे बी माझ्या बहिणीचं, तिनं जपलं, तिच्यामुळे रोपवाटिका वाचली. तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि तेवढ्यात ही बया गवताची काडी चघळत म्हणून मोकळी झाली की ताईचं, सगळं ताईचंच आहे.

काचघरवाल्यानं तिच्याकडे असं बघितलं की काय मनाची बाई आहे! मी हिचं हिचं म्हणत राहिले तर त्याला वाटलं मी उगाच विनय करते आहे. तो गेला, आणि मी मधलीचा हात धरून तिथेच ट्रेंच्या मध्ये पुन्हा रडले, आणि तीही रडली.

पण बारके, मला सांग, मोठेपणा दाखवायचा मान कुणाचा? थोरली कोण? अगं, तिथेसुद्धा तीच पुढे! अजून दुखतंय माझ्या पोटात.

लोभ आहे तसाच राहू दे, धुऊ नकोस.
तुझी ताई